घरपट्टीचा तंटा आणि आपला कैवार



पालिकेने घरपट्टी वाढविली की शहरात दोन आवाज उठतात. पहिला आवाज पालिकेचा: पैसे भरा, नाही तर जप्ती येईल. दुसरा आवाज मालमत्तेच्या धन्यांचा: एक पैसाही भरू नका. हे दोन्ही आवाज तुमच्या दारापर्यंत येतात, आणि दोघेही शपथेवर सांगतात की आम्ही गरिबाच्याच भल्यासाठी बोलत आहोत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या जुळ्या शहरांत हा तंटा कित्येक वर्षे चाललेला आपण पाहिला. त्यात आपल्या वस्त्यांतील माणसे कधी एकाच्या मोर्च्यात गेली, तर कधी दुसऱ्याच्या नोटिशीला भिऊन सावकाराच्या दारी गेली. आमचे मत आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. या दोघांपैकी कोणाच्याही शेपटाला आपण आपली गाठ बांधू नये. या प्रश्नात आपले स्वतंत्र हित आहे, आणि ते आपणच बोलून दाखविल्याशिवाय दुसरा कोणी बोलणार नाही.

कर आणि हक्क यांचा संबंध आपल्या समाजाला नवा नाही. ब्रिटिश अमदानीत पालिकेचा मतदार कोण? तर जो ठराविक कर भरी किंवा ठराविक भाड्याच्या घरात राही तो. ज्याला गावाने घर बांधायला धड जागाच दिली नाही, त्याला घरपट्टी कोठून असणार? घरपट्टी नाही म्हणून मत नाही, मत नाही म्हणून वस्तीत नळ नाही आणि दिवा नाही, आणि नळ-दिवा नाही म्हणून त्या वस्तीतील घराला किंमत नाही. असा तो फास होता. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणण्याची मागणी केली, आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर प्रौढ मताधिकारच मागितला. प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. म्हणजे पावती दाखवून मत मिळविण्याची पद्धत संपून अजून शंभर वर्षे झालेली नाहीत.

म्हणून कोणी छाती पुढे काढून ‘आम्ही करदाते’ असे गर्जू लागला की आपण सावध झाले पाहिजे. त्या शब्दामागे पुष्कळदा जुनाच हिशेब असतो: कर भरतो तो नागरिक, आणि बाकीचे शहरावरचे ओझे. हा हिशेब खोटा आहे. भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर घरपट्टी भरतोच. ती त्याच्या भाड्यात मिसळलेली असते, आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाला वाढलेल्या कराचा बोजा भाड्यात घालण्याची मुभाही दिली आहे. झोपडीत राहणारा पालिकेला सेवाशुल्क देतो. पुण्याच्या वस्त्यांत त्याला ‘गवनी’ म्हणतात. किराणा घेताना, औषध घेताना आपण कर भरतो तो वेगळाच. पावती दुसऱ्याच्या नावाने फाटते म्हणून पैसा दुसऱ्याचा ठरत नाही.

आता पालिकेच्या बाजूकडे पाहू. पुण्याच्या नगरपालिकेत महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये मंजूर करण्याचा ठराव आला, तेव्हा विरोध करणारे जोतीराव एकटे होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. मंडईच्या टोलेजंग इमारतीवर होणाऱ्या खर्चालाही त्यांनी याच कारणाने विरोध केला. इमारत उभी राहिलीच, आणि पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले! नाव देणे नेहमीच स्वस्त पडते. जोतीरावांनी घालून दिलेला धडा मात्र अजून कामाचा आहे. त्यांनी ‘कर घेऊ नका’ असे म्हटले नाही. घेतलेला कर कोणावर खर्च होतो, हे त्यांनी विचारले. आजच्या तंट्यात नेमका हाच प्रश्न कोणी विचारीत नाही.

पुण्याभोवतीच्या गावांचे उदाहरण घ्या. २०१७ साली अकरा गावे महापालिकेत घेण्यात आली आणि २०२१ साली आणखी तेवीस. ग्रामपंचायतीची पट्टी जाऊन महापालिकेचा मिळकतकर आला. अशा गावांत कर टप्प्याटप्प्याने वाढवावा अशी तरतूद कायद्यात आहे. तरीही बिले कित्येक पटींनी वाढली आणि रस्ता, पाणी व गटार यांची स्थिती पूर्वीचीच राहिली, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पाहा. पुणे शहराचा कचरा १९९० च्या दशकापासून याच गावांच्या डोक्यावर ओतला गेला. विहिरींचे पाणी नासले. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या कितीदा अडविल्या याची गणती नाही. ज्या शहराने आपली घाण येथे आणून टाकली, त्याच शहराने पुढे येथल्या घरांवर कर बसविला! चीड येणारच. अखेर २०२२ च्या डिसेंबरात शासनाने ही दोन गावे महापालिकेतून वगळण्याचे ठरविले आणि २०२४ साली त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

त्या दोन गावांत याला विजय म्हटले गेले. असेलही. परंतु आपण जरा थांबून विचार करावा. गावाच्या मोर्च्यापुढे कोण असतो? ज्याची जमीन महामार्गाला लागून आहे, ज्याची गोदामे आहेत, ज्याच्या गाळ्यांचे भाडे येते, तो. त्याला कर कमी झाला की लाखांची बचत होते. मोर्च्याच्या शेवटी चालणारा आपला माणूस. त्याच्या दोन खोल्यांवर बचत होते ती शेकड्यांची. गाव बाहेर पडल्यावर नळ कोणाच्या दारापर्यंत येणार, हे पुन्हा गावच ठरविणार. ग्रामपंचायतीवर आपल्या उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करण्याचे बंधन असते. गाव पालिकेत जाताना त्या पैशाचा हिशेब कोणी मागितला काय? ‘कर रद्द करा’ ही घोषणा देताना आमच्या बौद्धवाड्यांतील तरुणांनी हा एक प्रश्न आपल्या शेजारी उभ्या असलेल्या गोदामवाल्याला विचारून पाहावा. उत्तर मिळेपर्यंत मोर्चा पुढच्या चौकात गेलेला असेल.

पिंपरी-चिंचवडची कथा याहून कडू आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-सातारा भागातून आलेल्या कामगाराने कारखान्यात राबून चार पैसे साठविले आणि अर्धा गुंठा, एक गुंठा जागा घेतली. जागा विकणाऱ्याने कागद दिला तो कच्चा, आणि बांधकामाचा परवाना मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी घर मिळेना, नकाशाप्रमाणे बांधलेले घर परवडेना; मग त्याने चार भिंती उभ्या केल्या. तेव्हा पालिकेचा माणूस कोठे होता? भिंती चढत होत्या, वीज जोडली जात होती, पाण्याचा नळ येत होता, आणि कोणी हटकले नाही. पुढे २००८ साली कायद्यात कलम आले की अनधिकृत बांधकामावर मूळ कराच्या दुप्पट शास्ती बसेल, आणि बांधकाम आहे तोपर्यंत दर वर्षी बसत राहील. म्हणजे कर एक आणि शास्ती दोन, एकूण तिप्पट. ज्या घरात सर्वांत कमी सोयी त्याच घरावर सर्वांत जास्त आकारणी! ज्याने त्याला जमीन विकली त्याच्यावर शास्ती नाही, ज्या अधिकाऱ्याने डोळे मिटले त्याच्यावर नाही. शास्ती फक्त त्यात राहणाऱ्यावर.

पंधरा वर्षे हा प्रश्न दर निवडणुकीच्या सभेत वाजविला गेला. आधी लहान घरांना सूट, मग त्याहून मोठ्यांना, आणि अखेर मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील तोवरच्या अनधिकृत बांधकामांची शास्ती माफ झाली. गुलाल उधळला गेला. पण त्या माफीत दोन गोष्टी आहेत आणि त्या गुलालात दिसल्या नाहीत. एक, मूळ कराची थकबाकी आधी भरावी लागते. दुसरी, शास्ती गेली म्हणून घर अधिकृत होत नाही. घर काल जितके बेकायदा होते तितकेच आजही आहे. हे आम्ही पुन्हा सांगतो, कारण पुष्कळ कुटुंबे घरपट्टीच्या पावतीला मालकीचा दाखला समजून पेटीत जपून ठेवतात. घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे; जागेच्या मालकीचा नाही. पालिका ज्याच्याकडून कर घेते त्याचे घर उद्या तीच पाडू शकते. हा अन्याय आहे असे आमचे मत आहे. पण अन्याय आहे हे ओळखण्यासाठी प्रथम कायदा काय आहे ते माहीत हवे.

आता सवलतींचा कारभार पाहा. पुणे महापालिकेने १९७० साली ठराव करून, ज्या घरात मालक स्वतः राहतो त्या घराच्या करात ४० टक्क्यांची सवलत दिली होती. लेखापरीक्षणात हरकत निघाली, शासनाने २०१८ साली ती सवलत काढली, आणि अनेकांच्या हाती मागील वर्षांच्या फरकाची बिले पडली. शहर खवळले. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा चालू केली. परंतु कशी? ज्यांची सवलत गेली होती त्यांनी ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरावा, आपण त्याच घरात राहतो याचे पुरावे जोडावेत, ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत पोचते करावेत. सदनिकेत राहणाऱ्या सुशिक्षित माणसाने हे एका दुपारी केले. आमच्या वस्त्यांत घर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, वारसाची नोंद कोणी केली नाही, शिधापत्रिकेवरचा पत्ता निराळा, वीजबिल तिसऱ्याच्याच नावाचे. असा माणूस अर्ज तरी कोणत्या नावाने करणार? सवलत सर्वांना असते आणि पोचते ती ज्याच्याजवळ कागद आहे त्याला. कागदाच्या बाबतीत आपण अजून फार ढिले आहोत, हे येथे कठोरपणे सांगितले पाहिजे.

आणि ‘अभय योजना’! थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड चढतो. वर्षाचे होतात २४. खाजगी सावकारापुढे हात पसरणाऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल. मग वसुली तुंबते, पालिकेला पैशाची निकड भासते, आणि अभय योजना निघते. २०२० साली पुणे महापालिकेने दंडाच्या रकमेत ८० टक्के सूट दिली. जो वेळेवर भरतो त्याला सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत. हे दोन टक्के एकाच रकमेवरचे नाहीत, हे आम्ही जाणतो. तरी त्यातून लोक काय शिकतात, तेही जाणतो. ज्याच्याजवळ वकील आहे आणि धीर आहे तो थांबतो. ज्याला नोटिशीची भीती वाटते तो बायकोचे डोरले गहाण ठेवून पहिल्याच महिन्यात भरतो. पुण्यात थकबाकीदाराच्या दारासमोर बँडपथक वाजविण्याची पद्धतही निघाली. चारचौघांत माणसाची शोभा करून पैसा वसूल करण्याची ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली असेल, त्याला दारापुढे वाजविली जाणारी नाचक्की आपल्या घराण्यात कधी सोसावी लागली नसावी.

पालिकेची अडचणच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पूर्वी तिच्या हाती जकात होती. पुण्यात २०१३ साली जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून त्याच्याविरुद्ध आंदोलन केले, आणि २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांवरील तो करही उठला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर उरलेलाही गेला. आता पालिका शासनाच्या अनुदानाकडे पाहते आणि स्वतःचे म्हणून हक्काचे उत्पन्न शोधू लागली की तिची नजर घरावर जाते. दुकान बंद ठेवून व्यापाऱ्याला सरकार नमविता येते. घर बंद ठेवून कोणाला नमविणार? शिवाय बिलातली सारी रक्कम पालिकेला मिळते असेही नाही. १९६२ च्या कायद्याने बसविलेला राज्य शासनाचा शिक्षण उपकरही याच बिलातून वसूल होतो. दोष एकट्या पालिकेचा नाही. पण १९८० साली रतलामच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की तिजोरीत पैसा नाही हे कारण सांगून नगरपालिकेला स्वच्छतेचे कर्तव्य टाळता येणार नाही.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे राज्यघटना सांगते. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने अंदाजपत्रक केले, प्रशासकानेच कर घेतला, प्रशासकानेच खर्च केला. ज्या मतासाठी आपल्या मागच्या पिढ्या झगडल्या ते मत चार वर्षे कुलूपबंद होते, आणि बिले मात्र दर वर्षी वेळेवर येत राहिली. घरपट्टी दोन टक्क्यांनी वाढली तर रस्त्यावर येणारे शहर, मत चार वर्षे अडकले तेव्हा एवढ्या मोठ्याने ओरडले नाही. त्यात आपणही ओरडलो नाही.

कोणी म्हणेल, आमच्यापैकी निम्म्यांना स्वतःचे घरच नाही. घरपट्टीशी आमचा संबंध काय? संबंध असा. महापालिकेची शाळा कोणाच्या मुलांची? ससून भरले की ज्या दवाखान्याकडे आपण धावतो तो कोणाच्या पैशावर चालतो? बंगल्यात राहणाऱ्याला पालिकेवाचून अडत नाही. त्याची मुले खाजगी शाळेत, पाणी टँकरचे, चौकीला खाजगी पहारेकरी. सार्वजनिक तिजोरी रिकामी झाली तर पहिली झळ आपल्याला लागते. आणि झाडू कोणाच्या हातात आहे? पालिकेला काटकसर सुचते तेव्हा ती रस्ता झाडणाऱ्यापासून सुरू होते. कायम नोकरी जाऊन कंत्राट येते. पुण्याच्या करबिलात सफाईपट्टी आहे. तरीही घरोघरचा कचरा उचलणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील स्त्रिया, ज्यांत आपल्या समाजाच्या भगिनी मोठ्या संख्येने आहेत, त्या आरंभापासून मुख्यतः घरटी मिळणाऱ्या मासिक शुल्कावर संसार चालवीत आल्या. सफाईपट्टी भरणारा पालिकेला भरतो आणि सफाई करणारीने दारोदार शुल्क मागायचे! एखाद्या घराने ‘आम्ही कर भरतो, तुला निराळे कशाला?’ म्हणून दार लावून घेतले तर तिने कोणाकडे दाद मागावी?

म्हणून ‘कर नको’ ही आपली घोषणा होऊ शकत नाही. आपण म्हणावे की लहान घराला माफी द्या आणि मोठ्या मालमत्तेकडून पुरता कर घ्या. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करातून पूर्ण सूट देण्याचा निर्णय झाला. मुंबईचा ५०० फुटांचा गरीब आणि येरवड्याचा २०० फुटांचा गरीब यांत शासनाला फरक कोणता दिसला, हे आम्हाला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही. ही सूट राज्यातील प्रत्येक शहरात मिळाली पाहिजे. तिच्यामुळे येणारी तूट मोठ्या थकबाकीदारांकडून भरून काढावी, आणि त्यांची नावे व रकमा प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावाव्यात. बँडपेक्षा त्याला खर्चही कमी येईल.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावे. ज्या घराचे बिल अजून मृत माणसाच्या नावाने येते त्या घराने वारसाची नोंद करून घ्यावी. सवलतीचा अर्ज वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी दहा-दहा घरांचा एकत्र भरून द्यावा आणि पोचपावती घ्यावी. करवाढीची नोटीस आली तर तिच्यावरची तारीख प्रथम पाहावी, कारण न्यायालयात अपील करण्याची मुदत अवघी पंधरा दिवसांची असते, आणि अपील ऐकले जाण्यापूर्वी वादातील कराची रक्कम भरावी लागते. ही अट अहमदाबादच्या गिरण्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविली. १९७५ साली न्यायालयाने ती कायम ठेवली. गिरणीला ती परवडते. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला परवडत नाही. निदान ५०० फुटांपर्यंतच्या घरांना या अटीतून मोकळे करावे, असा ठराव आपापल्या विहारात पौर्णिमेच्या सभेत करा. कायदा राज्याचा आहे, म्हणून ठरावाची एक प्रत आमदाराला द्या, दुसरी नगरसेवकाला, आणि दोघांचीही तारखेनिशी सही घ्या.